बाबांचा पेपर

"नागपूरच्या बाजारात संत्र्यांची आवक वाढली," एवढं भैयालालनं वाचलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तोच पडद्यामागून शीलाच्या मैत्रिणीचा, पुष्पलताचा, आवाज आला, "ये रोज़-रोज़ कौन आता है तेरे घर?" आणि त्यावर शीलाचं उत्तर, काम करता करता मान न उचलता दिलेलं, "वो? वो तो बाबा का पेपर है।" मग दोघी हसल्या. हसण्यात कुचेष्टा नव्हती, तेच तर वाईट होतं. घरात पाट कुठला आणि चौरंग कुठला हे पाहुण्याला सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं होतं. भैयालालचं बोट ओळीवर होतं तिथंच राहिलं. हातातल्या कागदाला आज शाईचा वास जास्तच येतोय असं त्याला वाटलं. त्यानं वाचायला सुरुवात केली ती परत पहिल्यापासून, नागपूरच्या बाजारात संत्र्यांची आवक वाढली. समोर आरामखुर्चीत हिरवी पट्टी बांधून बसलेल्या गोपाळकृष्णांनी मान कलती केली. "वाढली, कळलं. किती वाढवशील? ओळ चुकलास तू." भैयालाल म्हणाला, "हौ जी, चुकलो." आणि आपण केवढं मोठं चुकलो हे आता हळूहळू समजत जाणार, अशा धास्तीनं त्यानं पान उलटलं.

दोन महिन्यांपूर्वी, कार्तिक सरता सरता, शीलानं त्याला सायकलनं पाडलं होतं. जंगल खात्याच्या कचेरीसमोरच्या मोकळ्या मैदानात ती बाबांची उंच सायकल शिकत होती. दांडीखालून पाय घालून, कैची मारत, एका अंगाला झुकलेली. भैयालाल मैदानाच्या कडेला नुसता उभा होता. वारासिवनीच्या पलीकडच्या खेड्यातून शिकायला आलेला सतरा वर्षांचा मुलगा. शाळा सुटल्यावर खोलीवर जाऊन करायचं काय, हे ठाऊक नसल्यामुळे उभा. एवढं मोठं मैदान सोडून सायकल नेमकी त्याच्यावर आली. तो खाली, त्याच्यावर सायकल, आणि सायकलवर थोडीशी शीला. ती आधी उठली, ओढणी झटकली आणि कडाडली, "देख के नहीं चलते?" तो चालतच नव्हता. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण तिच्या नाकाच्या शेंड्यावर माती लागलेली दिसली आणि सांगायचं राहून गेलं. गुडघा सोलला होता. खोलीवर त्याच्याबरोबर राहणारा चैतराम, भरवेलीच्या खाणीतल्या मजुराचा पोरगा, त्यानं हळद लावता लावता विचारलं, "कोनं पाडलं तुले?" तेव्हा भैयालाल असा काही हसला की चैतरामनं हळदीची वाटी खाली ठेवली. "मेला," तो म्हणाला, "हा पोट्टा मेला."

घर सापडायला वेळ लागला नाही. त्या उंच सायकलचं घंटा नसलेलं हँडल एका कौलारू घराच्या ओसरीला टेकलेलं असे. भैयालाल रोज त्या घरावरून जाऊ लागला, जाताना एकदा, येताना एकदा. समोरून जाताना तो मान सरळ ठेवी आणि डोळे तेवढे वळवी, त्यामुळे त्याला ओसरीचा एक कोपरा आणि तुळशीचा डबा एवढंच दिसे. आठव्या दिवशी ओसरीवरून हाक आली, "कोण आहे रे? रोज दोनदा जातोस. डावी चप्पल घासते तुझी." तो थिजला. आरामखुर्चीत एक गृहस्थ बसले होते, डोळ्यांवर हिरवी पट्टी. पकडले गेलो, असंच त्याला वाटलं. पण गृहस्थांनी विचारलं ते वेगळंच होतं. "मराठी वाचता येतं का?" खेड्यात चौथीपर्यंत मराठी शाळा होती, पुढं सगळं हिंदी. तरी तो म्हणाला, "येते जी." "मग वर ये. हा कालचा पेपर आहे, आणि हा परवाचा. दोन्ही तसेच पडलेत." घरात पाय ठेवायला माणसं काय काय करतात, देव पाण्यात बुडवून ठेवतात, आणि याला तर हाताला धरून वर बोलावलं होतं. नाव विचारलं गेलं. "भैयालाल," तो म्हणाला आणि आत कुणीतरी खुदकन हसलं.

नावाचं दुखणं त्याला तेव्हा नव्यानं कळलं. तीन बहिणींच्या पाठीवर झाला म्हणून आईनं, गोदाबाईनं, मोठ्या कौतुकानं ठेवलेलं नाव. तोवर ते अंगाला कधी टोचलं नव्हतं. पण शीला पडद्याआडून "भैयालाल, बाबा पानी माँग रहे हैं" म्हणायची तेव्हा पहिल्या दोन अक्षरांतच सगळा निकाल लागून जायचा, आणि उरलेल्या दोन अक्षरांना काही अर्थ राहायचा नाही. खोलीवर झोपल्या झोपल्या तो ते नाव तिच्या आवाजात म्हणून पाही, नुसतं "लाल" एवढंच. तेही काही बरं वाटत नसे.

पेपर नागपूरहून गोंदियाला आणि तिथून छोट्या गाडीनं बालाघाटला दुपारी यायचा. साडेचारला भैयालाल ओसरीवर. उन्हाची एक पट्टी तेव्हा खुर्चीच्या पायांपाशी असे, आणि वाचून होईस्तोवर ती भिंतीवर चढलेली असे. गोपाळकृष्णांची सारी नोकरी त्याच जंगल खात्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. साग कुठे, सालवृक्ष कुठे, नाला कुठे वळतो, ते त्यांना डोळे मिटूनही सांगता येई. आणि आता डोळेच मिटलेले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला झालं, पण जखम चिघळली, म्हणून पट्टी लांबली. दुसऱ्या डोळ्यानं नुसतं धुकं दिसे. राज्यं वेगळी झाली, बालाघाट हिंदी मुलखात राहिलं, त्याला चार वर्षं झाली होती. कचेरीत सगळं हिंदीत झालं, शेजारीपाजारी हिंदीत बोलू लागले आणि पाठोपाठ घरातलीही. "मी मराठीत विचारतो, ही हिंदीत उत्तर देते," ते शीलाबद्दल म्हणायचे. "तक्रार नाही हो माझी. पण जिभेला एक चव असते की नाही?" भैयालालच्या जिभेची चव मात्र त्यांना पहिल्या दिवशी सोसली नव्हती. तो काळाला कार म्हणे, डोळ्याला डोरा म्हणे, पाण्याला पानी. "गोपाळ म्हण." "गोपार." "ळ. जीभ वर ने, मागे वळव, आणि सोडून दे." तो शाळेच्या वाटेवर जीभ वर नेऊन, मागे वळवून सोडून देत चालायचा, आणि समोरून येणारी माणसं बाजूला व्हायची. महिन्याभरात त्याचा ळ सुटला. गोपाळकृष्णांनी त्या दिवशी बायकोला, विमलाबाईंना, बाहेर बोलावून ऐकवला. "काकाजी, कारं... काळं मांजर," भैयालाल म्हणाला. विमलाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसत म्हटलं, "छान हो बाबा," आणि त्याच्यासाठी दोन भाकरी जास्त थापल्या.

पण हे सगळं त्याच्या दृष्टीनं बाहेरचं होतं. खरं वाचन आतल्या खोलीसाठी चालायचं. आतून बांगड्यांचा आवाज आला की तो आवाज थोडा चढवायचा, भारदस्त शब्द आले की त्यावर रेंगाळायचा. अग्रलेख त्याला मुळीच कळत नसे, तरी तो असा वाचायचा की जणू त्यानंच लिहिलाय. एकदा कुठल्याशा सर्कशीतला हत्ती लग्नाच्या मांडवात शिरल्याची बातमी होती. तो वाचत असताना आत शीला मोठ्यानं हसली. त्या एका हसण्यावर तो नऊ दिवस जगला. ती ऐकते. रोज ऐकते. एक दिवस पडदा सारून बाहेर येईल, उंबऱ्यावर बसेल आणि म्हणेल... काय म्हणेल ते त्यानं अजून ठरवलं नव्हतं. हिंदीत म्हणेल की मराठीत, यावरच अडलं होतं. आणि ती मात्र इतके दिवस त्याला, खुंटीवरच्या टोपीसारखं, दारातल्या पायपुसण्यासारखं, घरातल्या वस्तूंत जमा करून बसली होती. पेपर. दुपारी येतो, वाचून होतो, दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो.

त्या संध्याकाळी पेपर संपवून तो उठला तेव्हा गोपाळकृष्ण म्हणाले, "आज आवाज बसलाय तुझा. काढा घेऊन जा." काढा न घेता तो निघाला आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसला. पाण्यात म्हशी होत्या. म्हशींना कसलंच दुःख नव्हतं. चैतराम शोधत आला, सगळं ऐकून घेतलं, आणि बराच वेळ गंभीर राहायचा प्रयत्न करून शेवटी फसला. "पेपर?" तो हसता हसता म्हणाला. "बापा, निदान पुस्तक तरी म्हनायचं होतं!" भैयालालनं एक खडा पाण्यात फेकला. "रागावू नको ना बे. आता काय करतं?" "जातच नाई उद्यापासून." "मंग झालं," चैतराम म्हणाला. "हाय काय अन् नाई काय."

दुसऱ्या दिवशी तो खरंच गेला नाही. साडेचार वाजले आणि त्याला घशात खवखवल्यासारखं झालं. खोलीत भिंतीवर खिळ्याला अडकवलेली बंडी, कोपऱ्यात स्टो, दोरीवर चैतरामचा टॉवेल. तो भूगोलाचं पुस्तक मोठ्यानं वाचू लागला, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की आपण ओळीच्या शेवटी थांबतोय. गोपाळकृष्ण तिथं "हं" म्हणायचे. तो "हं" आला नाही की पुढची ओळ उचलतच नव्हती. त्याला राग आठवायचा होता. शीलाचं ते वाक्य तो पुन्हा पुन्हा जिभेवर घेऊन पाहत होता, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसा. पण त्या वाक्याच्या आजूबाजूनं भलतंच काही आत शिरत होतं. काकाजी संत्रं सोलायचे ते. डोळ्यांना दिसत नसताना नुसत्या बोटांनी फोडीवरची एक एक शीर काढायचे, बी चाचपून बाजूला करायचे आणि मग ती फोड हवेत धरायचे, तो कुठल्या बाजूला बसलाय याचा अंदाज घेत. गावी धान कसं आहे विचारायचे. आईच्या गुडघ्यांचं विचारायचे. त्याचे वडील तो पाच वर्षांचा असताना गेले हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल ते कधी बोलले नव्हते. फक्त एकदा, वाचता वाचता 'वडील' हा शब्द आला आणि तो थांबला, तेव्हा त्यांनी "हं" जरा लवकर म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशीही तो गेला नाही. आपण जिंकतोय की हरतोय हे त्याला कळेना. शीलाला काही फरक पडला नसणार हे मात्र नक्की कळत होतं. आणि ज्यांना फरक पडत असेल त्यांच्यावर तर त्याचा राग नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत सायकल येऊन आदळली. आवाज ओळखीचा होता. ती शीला होती, आता दांडीवरून पाय टाकून बसायला शिकलेली, पण थांबायला अजून भिंत लागत होती. भैयालालच्या पोटात एकदम उजाडल्यासारखं झालं. आली. आपण नाही गेलो तर ही आली. चैतराम टॉवेल खांद्यावर टाकून, विनाकारण घसा खाकरत बाहेर निघून गेला.

"भैयालाल," ती म्हणाली, "बीमार हो क्या?"

"नाई."

"फिर आते क्यों नहीं? बाबा दो दिन से साढ़े चार बजे कुर्सी सरका के बैठते हैं। परसों मेरे को बोले, तू पढ़।" ती सायकलच्या ब्रेकशी चाळा करत होती. "अक्षर तो सब वही हैं। पर मेरे मुँह से हिंदी बनके निकलते हैं। चार लाइन पढ़ी, बाबा बोले, राहू दे बाळ।" राहू दे बाळ हे तिनं मराठीत म्हटलं, बाबांच्याच आवाजात, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला. "डाँटते तो अच्छा लगता। डाँटा नहीं।"

जे बोलायचं नव्हतं तेच भैयालालच्या तोंडातून निघून गेलं. "मी तुमच्या बाबासाठी येत नोहतो."

"फिर?"

त्यानं सायकलच्या चाकाकडे पाहिलं. तारा मोजायला सुरुवात केली. "तुमच्यासाठी."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. डोळे मोठे करून पाहत राहिली. "सच?"

"हौ."

"कब से?"

"तुमी मले पाडलं ना, तवापासून."

"मेरे को तो पता ही नहीं चला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकं खरं आश्चर्य होतं की भैयालालला तिचीच कीव आली. मग तिनं श्वास घेतला. "देखो, झूठ क्यों बोलूँ। मेरे मन में वैसा कुछ नहीं है। था भी नहीं। होगा, ऐसा भी नहीं लगता।"

तीन वाक्यं. काल, आज आणि उद्या तिन्ही बंद. त्याला वाटलं होतं, हे ऐकलं की काहीतरी कोसळेल. पण समोरच्या घराच्या कौलांवर चिमण्या होत्या त्या तशाच होत्या, गल्लीतून कुणी मोहाचं टोपलं घेऊन चाललं होतं तेही चाललं होतं, आणि त्याच्या छातीत जे झालं ते कोसळण्यापेक्षा फार दिवसांची घट्ट चप्पल काढल्यासारखं जास्त होतं. दुखत होतं, पण बोटं सुटी झाली होती. "हौ," तो म्हणाला. "मले समजलं होतं. पेपर म्हनलं तुमी मले."

शीलानं तोंडावर हात ठेवला. सायकल सुटली, पडली, तिच्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. "सुन लिया था?" ती म्हणाली. बोटांच्या फटीतून हसू आणि शरम दोन्ही बाहेर येत होती. "वो मैंने... मेरे को चिढ़ होती थी, भैयालाल। तुम आते हो तो बाबा कितना बोलते हैं। नागपुर का, जंगल का, अपने बचपन का। मेरे से नहीं बोलते। मैं अंदर बैठ के सुनती थी और आधा समझ में नहीं आता था।"

म्हणजे ऐकत होती. पण त्याला नाही, आपल्या बापाला. भैयालालला एकदम दिसलं की पडद्याच्या दोन्ही बाजूंनी दोघंही एकाच खुर्चीभोवती बसलेले होते, आणि त्याला मात्र वाटत होतं की खुर्ची मध्ये अडसर आहे. हसू यावं की काय व्हावं त्याला कळेना.

"तो बाबा के लिए," तिनं हळूच विचारलं, "बिलकुल नहीं आते थे?"

"पहिले नाई."

"और बाद में?"

तो खाली वाकला, सायकल उचलली, वाकडं झालेलं हँडल दोन गुडघ्यांत धरून सरळ केलं. मग विचारलं, "काकाजी जेवून तर राह्यले ना बरोबर?"

त्या दुपारी तो गेला. गोपाळकृष्णांनी काही विचारलं नाही. तीन पेपर समोर ठेवले आणि म्हणाले, "जुन्यापासून सुरू कर. मधलं काही सोडू नकोस." भैयालाल वाचू लागला. थोड्या वेळानं पडदा हलला आणि शीला बाहेर आली. उंबऱ्यावर बसली, जिथं तिनं बसावं असं त्यानं नऊ दिवस सलग मनात पाहिलं होतं, अगदी तिथंच. "आवक म्हणजे काय?" तिनं विचारलं. मराठीत, अडखळत, कानकोंडी होऊन. गोपाळकृष्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. भैयालालनं तिला आवक म्हणजे काय ते सांगितलं, आणि अर्धा तास झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आवाज चढवलेला नाही. बातमी जेवढी होती तेवढीच त्यानं वाचली होती. आणि गंमत म्हणजे अग्रलेखसुद्धा त्याला थोडासा कळला.

दुखणं गेलं असं नाही. शीला वेणी पुढं घेऊन बसली की अजून कुठंतरी आत कळ यायची, आणि ती "भैयालाल" म्हणाली की तो त्या नावातली पहिली दोन अक्षरं ऐकायचा आणि गप्प बसायचा. पण ती कळ आता साडेचारची वाट पाहण्याच्या आड येत नव्हती. शीला रोज चार ओळी वाचायची, चुकायची, आणि गोपाळकृष्ण तिला भरपूर रागवायचे. रागवलेलं तिला फार आवडायचं. विमलाबाई म्हणायच्या, "माझी ओसरी की शाळा?"

माघ उतरल्यावर एका दुपारी तो पोचला तर ओसरीवर सगळे उभे होते. पट्टी निघाली होती आणि नागपूरहून चष्मा आला होता, भिंगं अशी जाड की दोन बाटल्यांची बुडं बसवल्यासारखी. गोपाळकृष्णांनी तो चढवला होता. त्यांनी विमलाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "बारीक झालीस गं." शीलाकडे पाहिलं, "हिची उंची कोणी वाढवली?" मग पायरीशी चप्पल काढणाऱ्या मुलाकडे त्यांची नजर गेली आणि तिथं थांबली. भैयालालला आत्ताच उमगलं की या माणसानं आपल्याला अजून पाहिलेलंच नाही.

"कोण पाहिजे?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"मी भैयालाल, काकाजी."

ते खुर्चीतून उठले. जवळ आले, अगदी जवळ. भिंगांमागे त्यांचे डोळे भलतेच मोठे, ओलसर दिसत होते. "तू?" ते म्हणाले. "अरे, मला वाटलं चांगला दांडगा गडी असशील. आवाज केवढा तुझा!" त्यांनी त्याचा चेहरा वरून खाली, खालून वर पाहिला. नकाशावर नाला शोधावा तसा. "आणि मिशा? मिशा नाहीत तुला?"

"येऊन राह्यल्या जी," भैयालाल म्हणाला.

शीला हसत हसत भिंतीला टेकली, विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. भैयालाल मात्र जागचा हलला नाही. या घरात कुणीतरी आपल्याकडे नीट पाहावं म्हणून तो इतके दिवस येत होता, आणि आता एक माणूस पाहत होता, घाई नाही, पापणी हलत नाही, कपाळावरचा वण, कानामागचं तेल, शर्टाचं तिसरं तुटकं बटण, सगळं सगळं पाहत होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली इतकं बरं वाटलं की डोळे खाली घालावे लागले.

"बस," गोपाळकृष्ण शेवटी म्हणाले. त्यांनी खुर्चीवरचा दुपारचा पेपर उचलला, घडी मोडली, हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा थोडा लांब केला. "आज मी वाचतो. तू ऐक." शीला उंबऱ्यावर आली तशी भैयालालनं सरकून तिला जागा करून दिली, आणि पहिली ओळ संपली तेव्हा म्हणाला, "हं."